टेस्टिंगमधनं खरा पेस कसा ओळखायचा

भावांनो, कोल्हापुरात कार्टिंगचं वेड जुनं, त्यामुळं एफ-वनचं सीझनआधीचं टेस्टिंग (गाड्यांची चाचणी) सुरू झालं की कट्ट्यावर पहिला प्रश्न, टॉपला कोण? तो आकडा आधी सोडून द्या. २०१९ ला बार्सिलोनातल्या टेस्टिंगमधे फेरारीचा वेटेल सगळ्यात फास्ट, लॅप १:१६.२२१, मर्सिडीजचा हॅमिल्टन फक्त ०.००३ सेकंद मागं, आणि मेलबर्नला सीझनची पहिली रेस जिंकली मर्सिडीजच्याच बोटासनं, वेटेल ५७ सेकंद मागं चौथा!

कारण पेट्रोल. १० किलो जादा म्हणजे लॅपला साधारण ०.३ सेकंद, आणि टाकीत किती आहे ते कुठली टीम सांगत नाही.

म्हणून लाँग रन, म्हणजे न थांबता सलग मारलेले लॅप, बघायचा. वही घ्या, एकाच टायरवरचे सलग १२-१५ लॅप लिहा, पिटमधनं (गॅरेजकडनं) निघालेला आणि ट्रॅफिकमधला लॅप खोडा. पेट्रोल जळंल तशी गाडी हलकी होते, तरी टाइम १:३७.० वरनं १:३८.२ वर गेला तर टायर मरतोय, आणि १:३७.४ लाच चिकटून राहिला तर ती गाडी लई भारी, माझी नजर तिच्यावरच असते. तुलना करताना कंपाउंड (टायरच्या रबराचा प्रकार) सेम पाहिजे, दिवसातली वेळपण सेम, बहारीनला दुपारी ट्रॅक तापतो आणि संध्याकाळी टाइम आपोआप खाली येतो.

एकूण लॅपपण मोजा, गाडी न बिघडता किती पळती ते त्यातनं कळतं.