भरतीचा सराव: धावण्यापलीकडचे घटक

पोलीस भरतीची तयारी करणारी आपल्या मराठवाड्यातील अनेक मुले पहाटे मैदानावर येतात आणि नुसतीच धावतात. प्रत्यक्षात मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर व १०० मीटर धावण्याबरोबरच ७.२६ किलोचा गोळाही फेकावा लागतो; म्हणजे दमसास, वेग आणि ताकद हे घटक स्वतंत्रपणे तपासले जातात.

दमसासासाठी आठवड्यातून तीन-चार दिवस, सोबत्याशी बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतक्याच वेगाने धावावे. अशा सरावाने हृदय दर ठोक्याला अधिक रक्त पुढे ढकलू लागते. वेगासाठी ६० मीटरच्या पाच-सहा जोरदार धावा एक दिवस पुरेशा आहेत, मात्र दोन धावांमध्ये श्वास पूर्ववत होऊ द्यावा.

ताकदीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. गोळा हातानेच फेकायचा असतो, असा समज आहे. वास्तविक जोर मागच्या पायाच्या रेट्यातून निघून कमरेतून खांद्यात येतो, त्यामुळे आठवड्यातून दोन दिवस जोरांइतक्याच बैठकाही माराव्यात.

लवचीकतेसाठी धावून झाल्यावर पाय सरळ पसरून, झटके न देता, अर्धा मिनिट अंगठे धरण्याचा प्रयत्न करावा. मांडीमागचे स्नायू आखडले की पाऊल तोकडे पडते. चरबीचा अंदाज वजनकाट्यापेक्षा कमरेच्या मापावरून अधिक नीट येतो.

परभणीत मे महिन्यात पारा ४० अंशांपुढे जात असल्याने उन्हाळ्यात सराव सूर्योदयालाच आटोपावा.