शिबेनिकला निघण्याआधी

शिबेनिक हे क्रोएशियाच्या समुद्रकिनाऱ्यावरचं जुनं शहर. आधी कागदपत्रं. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ला शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आला आणि त्याच दिवशी तिथे युरो सुरू झाला. त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांतलं 'कुना' हे चलन विसरा आणि शेंगेन व्हिसासाठी अर्ज करा. तो सहा महिने आधीपासून करता येतो. परतीनंतरही पासपोर्टची मुदत किमान तीन महिने उरलेली हवी आणि प्रवासविमा निदान ३०,००० युरोंचा हवा. आपली जाड तीन पिनांची प्लग तिथे बसत नाही, अडॅप्टर घ्या.

मग बॅग. चाकांची मोठी सुटकेस आणू नका, एवढं एक ऐकाच. जुनं शिबेनिक म्हणजे अरुंद दगडी बोळ आणि पायऱ्या, पायऱ्या, पायऱ्या. पाठीवरची सॅक आणि तळ न घसरणारे बूट घ्या, कारण शतकानुशतकांच्या पावलांनी तो दगड गुळगुळीत झालाय.

खांदे झाकणारा एखादा कपडा वर ठेवा, सेंट जेम्सच्या कॅथेड्रलसाठी. याचं काम १४३१मध्ये सुरू झालं आणि शंभरेक वर्षं चाललं. युराय दालमातिनाच आणि त्याच्यानंतर फ्लोरेन्सचा निकोला हे त्याचे मुख्य शिल्पकार. छताच्या दगडी फरश्या एकमेकींत खाचा करून बसवल्यात. हेमाडपंती देवळं पाहिलेल्या माणसाला इथे मान वर करून उभं राहावंसं वाटणारच. पण घाईत बाहेर पडून निघून जाऊ नका. मागच्या बाजूने फेरी मारा. तिथे भिंतीवर ओळीने सत्तरहून जास्त माणसांचे चेहरे कोरलेत. संत नव्हेत, साधी माणसं.

क्रका नदीच्या राष्ट्रीय उद्यानासाठी एक अख्खा दिवस राखा. तिकीट आधीच ऑनलाइन काढा. ऐन उन्हाळ्यात ते सर्वांत महाग असतं. शिबेनिकहून बसने स्क्राडिन, तिथून हंगामात उद्यानाच्या बोटीने स्क्राडिन्स्की बुक धबधब्यापर्यंत. पोहण्याचे कपडे मात्र इथे उपयोगाचे नाहीत. जुने फोटो पाहून लोक येतात, पण २०२१पासून इथे पोहायला बंदी आहे. पाण्यातला चुना शेवाळावर साचून धबधब्याचे हे नैसर्गिक बांध तयार होतात, आणि ते पायांखाली तुटतात. बंदी योग्यच वाटते मला. जवळच यारुगाच्या जुन्या जलविद्युत केंद्राचे अवशेष आहेत. १८९५मध्ये इथल्या विजेने शिबेनिकचे रस्ते उजळले होते.

पोहायची हौस समुद्रात भागवा. शहराजवळच्या बान्य किनाऱ्यावर वाळू नाही, गोटे आहेत. पाण्यात घालायचे रबरी बूट घ्या, खडकांवर काटेरी समुद्री साळू चिकटलेले असतात.

शाकाहारी असाल तर 'ब्लितवा' हा शब्द पाठ करा: पालेभाजी आणि बटाटा, ऑलिव्ह तेल-लसणात. सोबत भाकरी नाही एवढीच खंत. आणि उन्हाळ्याबाहेर जाणार असाल तर जाडसर विंडचीटर घ्या. डोंगरावरून उतरणारा 'बुरा' वारा छत्री हातात टिकू देत नाही.