ॲस्बेस्टॉसची पाहणी : घरात आणि कामाच्या जागी या चुका टाळा

ॲस्बेस्टॉस म्हणजे तंतूंच्या रूपातलं खनिज, श्वासातून आत गेलं की घातक. त्याचं नाव निघालं की डोळ्यांसमोर छपराचा नागमोडी सिमेंटचा पत्रा येतो. बहुतेक पाहण्या तिथूनच चुकायला लागतात. पत्र्यात ॲस्बेस्टॉस साधारण १० ते १५ टक्के असतं आणि सिमेंटने ते धरून ठेवलेलं असतं. पत्रा कापला, भोक पाडलं, जोरदार फवाऱ्याने धुतला की तंतू सुटतात, पण शाबूत पत्रा हा इमारतीतला सर्वांत घातक माल क्वचितच असतो. पोलादी तुळयांवर फवारलेल्या थरात ॲस्बेस्टॉसचं प्रमाण ८५ टक्क्यांपर्यंत जातं, आणि तो थर बोटाने खरवडला तरी झडतो. बॉयलर आणि वाफेच्या पाइपांवरचं लॅगिंग (उष्णता धरून ठेवणारा लेप), भिंतींत आणि फॉल्स सीलिंगमध्ये लावलेले मऊ इन्सुलेशन बोर्ड हेही याच पंक्तीतले. पत्र्यांची मोजदाद चोख आणि बॉयलरच्या खोलीबद्दल एक ओळ, असा अहवाल हातात आला तर तो परत पाठवावा.

याखेरीज सहज सुटणाऱ्या जागा अशा : लिफ्टची जुनी ब्रेक लायनिंग, पाइपांच्या जोडांमधली गॅस्केट आणि व्हॉल्व्हचं पॅकिंग, भट्टीच्या दाराची दोरी, अग्निरोधक दरवाज्याचा गाभा, जुन्या फ्यूजच्या आतली विणलेली पांढरी पट्टी, विनाइल फरशी आणि तिच्याखालचा काळा डांबरी गोंद, छताला दिलेलं खडबडीत नक्षीचं लेपन, धुराडं, पाण्याची टाकी, सांडपाण्याचे पाइप आणि पोटमाळ्यात ओतलेलं सुटं इन्सुलेशन. या शेवटच्यात व्हर्मिक्युलाइट या अभ्रकासारख्या खनिजाचे चकचकीत कण दिसले तर हात लावू नये. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या लिबी गावची खाण १९९० पर्यंत चालू होती आणि तिथल्या व्हर्मिक्युलाइटमध्ये ॲस्बेस्टॉस मिसळलेलं होतं.

रंग पाहून, जाळून किंवा मोडून ओळखणं

पांढरं, तपकिरी आणि निळं ही ॲस्बेस्टॉसच्या तीन मुख्य प्रकारांची बोलीतली नावं आहेत : क्रायसोटाइल, अमोसाइट आणि क्रोसिडोलाइट. पण सिमेंटमध्ये मिसळल्यावर, रंग दिल्यावर किंवा वर्षानुवर्षं उष्णता लागल्यावर मूळ रंग उरत नाही. करड्या पत्र्यात निळं ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि पांढऱ्याशुभ्र बोर्डात तपकिरी.

काडी ओढून पाहण्याची रीत अजून चालते. जळलं नाही म्हणजे ॲस्बेस्टॉस, हा त्यामागचा तर्क. काचलोकर, रॉकवूल, जिप्सम आणि कॅल्शियम सिलिकेट बोर्डही जळत नाहीत, तेव्हा या परीक्षेतून काहीच कळत नाही. तुकडा मोडून कडेला तंतू दिसतात का पाहणं तर त्याहून वाईट. सेल्युलोज किंवा पीव्हीए तंतूंचा नवा पत्राही मोडल्यावर केसाळ दिसतो, आणि तो ॲस्बेस्टॉसचा निघाला तर मोडणाऱ्याने ते तंतू तोंडासमोरच उडवलेले असतात. घातक तंतू डोळ्यांना दिसत नाहीत. हवेतल्या मोजणीत धरले जातात ते ५ मायक्रॉनहून लांब आणि ३ मायक्रॉनहून बारीक. त्यांच्यामुळे होणारा मेसोथेलिओमा हा कर्करोग बहुधा २० ते ५० वर्षांनी उघड होतो, म्हणून मोडणाऱ्याला त्या दिवशी साधा खोकलाही येत नाही आणि चूक झाली हे कळतही नाही.

ओळख पटते ती प्रयोगशाळेत. तोवर संशयास्पद माल ॲस्बेस्टॉसचाच आहे असं धरून चालायचं. पुढच्या सगळ्या मुद्द्यांच्या मुळाशी हाच नियम आहे.

बांधकामाच्या सालावर विसंबणं

साल उपयोगी आहे, पण ते कोणत्या देशातलं हे आधी पाहा. ब्रिटनने निळं आणि तपकिरी १९८५ मध्ये बंद केलं, पांढरं मात्र १९९९ मध्ये. ऑस्ट्रेलियात पूर्ण बंदी ३१ डिसेंबर २००३ पासून आहे, युरोपीय संघात २००५ पासून. अमेरिकी कामगार-सुरक्षा नियम १९८० पर्यंत बसवलेलं उष्णतारोधक आवरण आणि फवारलेला किंवा लिंपलेला थर चाचणीने नाकारलं जाईपर्यंत ॲस्बेस्टॉसचंच धरायला सांगतात. भारतात ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे अजूनही बनतात आणि विकले जातात, त्यामुळे तिथे छप्पर नवं आहे म्हणून निश्चिंत राहता येत नाही.

बंदीनंतरही गोदामातला माल काही काळ वापरला जातो. जुन्या यंत्रासोबत जुनी गॅस्केट येतात, नव्या इमारतीत जुने दरवाजे बसवले जातात. उलट, जुन्या इमारतीचा एक मजला पूर्ण नव्याने केलेला असू शकतो. म्हणून इमारतीचं साल न विचारता त्या-त्या मालाचं साल विचारा. जुने नकाशे, खरेदीची बिलं आणि दुरुस्तीच्या नोंदी पाहणीच्या दिवशी नव्हे, आधी मागवून घ्या.

चुकीच्या प्रकारची पाहणी मागवणं

सर्वांत महाग पडणारी चूक ही. पाहणी दोन प्रकारची असते. इमारत रोजच्या वापरात असताना जे उघडं आहे, सहज हाताला लागतं, त्याची नोंद करून स्थिती तपासणारी एक. तिच्यात भिंत फोडत नाहीत. दुसरी तोडफोड किंवा नूतनीकरणाआधीची : काम होणार तो भाग रिकामा करून भिंती, छत, फरशी, पाइपांचे बोळ उघडून पाहायचे. पहिल्या पाहणीचा अहवाल हाती धरून दुसऱ्या प्रकारचं काम सुरू केलं की तिसऱ्या दिवशी फॉल्स सीलिंगच्या वर फवारलेला थर सापडतो, तोही करवत चालून गेल्यावर. मग काम थांबतं, जागा सील होते आणि तिथे वावरलेल्या प्रत्येकाच्या नावाची नोंद ठेवावी लागते.

पाहणी करणाऱ्याला कामाची नेमकी व्याप्ती लेखी द्या : कोणती भिंत पडणार, वायर कुठून जाणार, फरशी किती खोल खणणार. ‘किचनचं नूतनीकरण’ एवढंच सांगितलं तर तो ओट्यामागचा पाइपांचा बोळ उघडेलच असं नाही.

नमुने कमी, आणि सोयीच्या जागेवरचे

एकसारखा दिसणारा माल एकच आहे, असं मानून एक नमुना घेतला जातो. सीलिंगच्या टाइल्स वर्षानुवर्षं बदलल्या जातात. शंभरातल्या दहा नव्या असतील आणि नमुना नेमका नव्या टाइलचा गेला, तर उरलेल्या नव्वद ‘सुरक्षित’ ठरतात. आधी एक टाइल अलगद उचलून पाठची बाजू, जाडी, शिक्के आणि छिद्रांची रचना पाहा. फरक दिसला की तो वेगळा माल.

फवारलेल्या किंवा लिंपलेल्या थरासाठी अमेरिकेतल्या शाळांच्या नियमांतला ३-५-७ चा हिशेब सोपा आहे. एकाच प्रकारचा थर १,००० चौरस फुटांपर्यंत असेल तर निदान ३ नमुने, ५,००० पर्यंत ५, त्याहून मोठा असेल तर ७. इन्सुलेशन बोर्डाला ब्रिटिश पद्धतीत खोलीमागे एक किंवा दर २५ चौरस मीटरला एक नमुना पुरतो.

लॅगिंगचं प्रकरण अवघड. ते हाताने कालवून थापलेलं असतं, म्हणून मिश्रण थोड्या-थोड्या अंतरावर बदलतं. ब्रिटिश मार्गदर्शनानुसार दर ३ मीटरला एक नमुना घ्यावा. पाइपाची रांग २० मीटरहून लांब असेल तर बहुधा दर ६ मीटरला एक चालतो. सरळ पाइप काचलोकरीने गुंडाळलेला आणि वाकण, व्हॉल्व्ह, टी-जोड मात्र जुन्या लेपाचे, असं फार वेळा दिसतं, कारण दुरुस्ती करणारा सरळ भाग बदलतो आणि वाकडा भाग तसाच सोडतो. तेव्हा सांधे आणि ठिगळं यांचे नमुने वेगळे घ्या. नमुना पाइपाच्या धातूपर्यंत पोचला पाहिजे. वरच्या कापडाचा तुकडा दिला तर अहवाल कापडाचा येतो.

नक्षीच्या लेपनात ॲस्बेस्टॉस थोडं असतं आणि ते सारखं पसरलेलं नसतं, म्हणून एकाच ठिकाणी खरवडू नका. फरशीत प्रत्येक थर वेगळा : वरचं विनाइल, त्याखालची जुनी टाइल, त्याखालचा गोंद. गालिचा उचलून त्याखाली पाहिलेलं नसेल, तर फरशी तपासली असं म्हणता येत नाही.

आणखी एक गोष्ट जवळजवळ सगळेच विसरतात. पूर्वी कधीतरी ॲस्बेस्टॉस काढून नेलेलं असतं आणि त्याचा चुरा मागे राहिलेला असतो : पाइपाच्या मागच्या बाजूला, भिंतीतून पाइप जातो त्या भोकात, तुळईच्या वरच्या कडेवर, खिळ्यांखाली अडकलेल्या बोर्डाच्या पट्टीत. ‘काढलं आहे’ अशी नोंद वाचली की तिथेच जास्त बारकाईने पाहा.

नमुना घेताना धूळ करणं

भुसभुशीत मालाचा, म्हणजे लॅगिंग, फवारा आणि सुट्या इन्सुलेशनचा नमुना घरमालकाने स्वतः घेऊ नये. ते प्रशिक्षित माणसाचंच काम. फ्यूज बोर्डातला नमुना वीज तोडून, तोडल्याची खात्री करूनच घ्यायचा, आणि तिथे पाणी मारायचं नाही.

इतर ठिकाणी क्रम असा. खोलीतली माणसं बाहेर, पंखे आणि एसी बंद. खाली जाड प्लॅस्टिक. टाकून देता येईल असा अंगभर सूट आणि चेहऱ्याला घट्ट बसणारा पी३ किंवा पी१०० गाळणीचा मास्क. कापडी किंवा सर्जिकल मास्कचा इथे काही उपयोग नाही, आणि दाढी असेल तर चांगला मास्कही कडेने हवा आत घेतो. पाण्यात भांड्याच्या साबणाचे थोडे थेंब घालून जागा भिजवायची. नुसतं पाणी पृष्ठभागावरून ओघळून जातं, आत मुरत नाही. मग आधीच तुटलेल्या कडेजवळून किंवा आडोशाच्या कोपऱ्यातून ३ ते ५ चौरस सेंटिमीटरचा, पूर्ण जाडीचा तुकडा हळूच सोडवायचा. पॉवर ड्रिल नाही, करवत नाही.

तुकडा घट्ट झाकणाच्या डबीत, डबी पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत. क्रमांक तिथल्या तिथे लिहायचा. घरी जाऊन लिहायचा म्हटलं की अदलाबदल ठरलेली. भोक टेपने किंवा सीलंटने बुजवून तोच क्रमांक तिथे चिकटवायचा आणि फोटो घ्यायचा. ओल्या फडक्याने जागा पुसून फडकं पिशवीत टाकायचं. हत्यार प्रत्येक नमुन्यानंतर धुऊन पुसायचं, नाहीतर पहिल्या नमुन्याचे तंतू दुसऱ्यात जाऊन स्वच्छ माल दूषित ठरतो. झाडू किंवा घरगुती व्हॅक्यूम मुळीच नको : व्हॅक्यूमची पिशवी बारीक तंतू अडवत नाही, ते मागून हवेत सोडते.

‘आढळलं नाही’ चा अर्थ चुकीचा लावणं

नेहमीची तपासणी पोलराइज्ड लाइट मायक्रोस्कोपने होते आणि बहुतेक मालासाठी ती पुरेशी आहे. विनाइल टाइल्सच्या बाबतीत मात्र फसगत होते. त्यांतले तंतू इतके बारीक दळलेले असतात की या मायक्रोस्कोपखाली निसटू शकतात. जुन्या टाइलचा अहवाल नकारात्मक आला आणि संशय कायम असेल, तर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची तपासणी मागा.

अहवालात प्रत्येक थराची ओळ वेगळी आहे का पाहा. थर एकत्र दळून तपासले की गोंदातलं ॲस्बेस्टॉस फरशीच्या वजनात विरघळून टक्का खाली येतो. अमेरिकेत १ टक्क्याहून जास्त असेल तरच माल ‘ॲस्बेस्टॉसयुक्त’ मानतात. कागदावर त्या रेषेखाली आलेला माल घासला तर तंतू उडवणार नाही असं नाही.

शेजारच्या दोन नमुन्यांचे निकाल उलटसुलट आले तर नकारात्मक निकाल बाजूला ठेवा आणि संपूर्ण भाग ॲस्बेस्टॉसचा धरा. मग आणखी नमुने घेऊन सीमारेषा शोधा.

पाहणीऐवजी हवेची चाचणी

हवेची चाचणी पटकन होते म्हणून मागवली जाते. ती त्या काही तासांत हवेत किती तंतू होते एवढंच सांगते. शांत, बंद खोलीत निकाल स्वच्छ येईल, तरी छताच्या वर लॅगिंग उघडं पडलेलं असेल. शिवाय फेज कॉन्ट्रास्ट मायक्रोस्कोपखाली होणाऱ्या नेहमीच्या मोजणीत ॲस्बेस्टॉसचा तंतू आणि कापसाचा तंतू वेगळे ओळखता येत नाहीत. ही चाचणी ॲस्बेस्टॉस काढल्यानंतर जागा पुन्हा वापरायला देण्याआधी करायची असते.

पत्र्यावर चढणं

पाहणीत तात्काळ जीव जातो तो तंतूंमुळे नव्हे. जुना सिमेंट पत्रा माणसाचं वजन पेलत नाही, आणि खिळ्यांच्या रांगेवर पाय दिला की पेलतो हा समज खोटा आहे. नमुना शिडीवरून कडेचा घ्या, नाहीतर उचल-यंत्रातून. पन्हळीतल्या गाळातही झिजलेल्या पत्र्याचे तंतू साचतात, तो ओला करूनच काढा.

अहवालातल्या रिकाम्या जागा

चांगला अहवाल काय पाहता आलं नाही हे स्पष्ट सांगतो : कुलूपबंद खोली, चालू बॉयलरचा आतला भाग, भिंतीतला बोळ. या सगळ्या जागा ‘ॲस्बेस्टॉस आहे असं गृहीत’ म्हणून नोंदल्या पाहिजेत. ‘प्रवेश नाही’ एवढंच लिहून सोडलं की वाचणारा त्याचा अर्थ ‘काही नाही’ असा घेतो. सापडलेल्या प्रत्येक मालासमोर चार गोष्टी हव्यात : मालाचा प्रकार, मोडतोड किती, वर रंग किंवा आवरण आहे का, आणि ॲस्बेस्टॉस कोणतं. ब्रिटिश पद्धतीत या चौघांना मिळून २ ते १२ गुण पडतात. १० आणि वर म्हणजे तंतू सुटण्याचा धोका मोठा.

हे सगळं कपाटात ठेवायचं नसतं. ड्रिल घेऊन येणारा इलेक्ट्रिशियन, प्लंबर, एसीवाला यांना काम सुरू होण्याआधी सापडलेल्या मालाची ही नोंद दाखवून सही घ्या. शाबूत माल जागीच ठेवला असेल तर ६ ते १२ महिन्यांनी तो पुन्हा पाहून फोटो शेजारी-शेजारी ठेवा. आणि त्याआधीच काही फुटलं तर : काम थांबवा, सगळे बाहेर, हवा खेळवणारं यंत्र बंद, दार लावून टेपने सील, कपडे पिशवीत, अंघोळ, मग तज्ज्ञाला फोन. चुरा स्वतः गोळा करायला परत आत जाऊ नका.