यात्रेतली बैलगाडा शर्यत: गाडा थांबवायचा अधिकार कोणाकडे?

यात्रा कमिटीच्या बैठकीत शर्यतीचा विषय निघाला की बोलणं लगेच इनामाच्या रकमेवर, मांडवावर आणि पाहुण्यांच्या यादीवर जातं. त्याआधी एक गोष्ट ठरवून घ्या. बैल दमला, बिथरला किंवा लंगडला, तर शर्यत कोण थांबवणार? पैलवान कुस्ती सोडू शकतो, कबड्डीतला पोरगा मैदानाबाहेर येऊन बसू शकतो. बैलाला यातलं काहीच करता येत नाही. त्याच्या वतीने ‘बस’ म्हणणारा माणूस आधी नेमायचा आणि बाकीची शर्यत त्याच्याभोवती बांधायची. असा माणूस मिळत नसेल किंवा गावात त्याचं कोणी ऐकणार नसेल, तर शर्यत भरवू नका.

आधी खेळ पारखून घ्या

कोणत्याही खेळातून इजा वजा करून बघा आणि मागे काय उरतं ते पाहा. रेड्यांची टक्कर, कोंबड्यांची किंवा कुत्र्यांची झुंज यांतून जखम काढली तर बघण्यासारखं काही उरत नाही. लोक जखमेसाठीच जमलेले असतात. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचं कलम ११ करमणुकीसाठी प्राण्यांना झुंजवणं गुन्हा ठरवतं. झुंजीसाठी जागा देणं आणि तिथं पैसे घेणं हेही त्यात येतं. महाराष्ट्राने २०१७ साली केलेली दुरुस्ती बैलगाडा शर्यतीपुरती आहे, टकरींना तिचा आधार नाही. ‘शर्यतीला परवानगी आहे, मग टक्करही चालते’ असं कोणी म्हणालं तर ते धादांत खोटं आहे. आमचं मत विचाराल तर टकरी कायद्याने चालत असत्या तरी भरवू नयेत. त्यात नियमाने सुधारण्यासारखं काही नाही.

शर्यतीतून जखम काढली तर शर्यत उरते, पण बैल कशामुळे पळतोय हे बघावं लागतं. गाय-बैल ही शिकार होणाऱ्या प्राण्यांची जात. भ्यालं की पळायचं, हाच त्यांचा बचाव. सरावाने हाकेवर पळणारा बैल आणि टोचल्यामुळे पळणारा बैल लांबून सारखेच दिसतात, म्हणून फरक जुंपतानाच बघायचा. भ्यालेल्या बैलाच्या डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो, कान मागे जातात, शेपटी पायांत आवळली जाते. तो जू पाहून मागे सरतो आणि सुटायच्या आधीच पातळ शेण टाकत राहतो. सवयीचा बैल उतावीळ असतो, पण जुवाखाली स्वतः मान घालतो.

सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी जल्लिकट्टू (तमिळनाडूतला बैल आवरण्याचा खेळ) आणि बैलगाडा शर्यती बंद केल्या, त्यामागे हाच मुद्दा होता: बैलाचं शरीर घोड्यासारखं शर्यतीसाठी बनलेलं नाही, भीती आणि वेदना देऊन त्याला पळवलं जातं. पुढे राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राचे कायदे वैध ठरवले. यातून सरसकट मोकळीक मिळाली असा अर्थ काढू नका. परवानगी टिकली ती नियमांसकट. नियम कागदावर राहिले तर २०१४ चा आक्षेप जसाच्या तसा खरा ठरतो.

परवानगीची कागदं

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, शर्यतीच्या किमान १५ दिवस आधी. सोबत ५० हजार रुपयांची अनामत. धाव १००० मीटरपेक्षा लांब नको. खडकाळ, चिखलाची, पाणथळ, तीव्र उताराची जागा किंवा रहदारीचा रस्ता चालत नाही. गाडीवर एकच हाकणारा, आणि त्याच्या हातात काठी, चाबूक, पराणी (टोचायची काठी) किंवा विजेचा झटका देणारं यंत्र नको. बैलांची पशुवैद्यकाकडून तपासणी, जागेवर पशुवैद्यक आणि रुग्णवाहिका, पूर्ण शर्यतीचं चित्रीकरण. परवानगीच्या आदेशात स्थानिक अटीही असतात, तेव्हा आदेशाची प्रत सगळ्या कमिटीसमोर मोठ्याने वाचा. बहुतेक चुका ती फाइल एकाच माणसाच्या घरी राहिल्यामुळे होतात. मूळ कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये इतकाच दंड आहे. शर्यतीच्या दुरुस्तीत मात्र ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद आहे, हे गाडामालकांना आधीच सांगा.

थांबवणारा पंच

हा माणूस गाडामालक नको, गाडामालकाचा नातलग नको, इनाम देणाऱ्याचा कार्यकर्ता नको आणि पुढच्या निवडणुकीला उभा राहणारा तर नकोच. दुसऱ्या तालुक्यातला निवृत्त पशुवैद्यक सगळ्यात बरा. तो मिळाला नाही तर आयुष्यभर बैल राखलेला आणि कोणाची भीड न धरणारा शेतकरी चालेल. असे तीन पंच लागतात: एक सुटण्याच्या जागी, एक धाव संपते त्या निशाणाजवळ, एक तपासणीच्या मांडवात. एकाच माणसावर सगळं सोपवलं तर दुपारपर्यंत तो कंटाळतो, आणि नेमकी तेव्हाच बैलं दमलेली असतात.

त्याचा अधिकार कमिटीच्या ठरावात लिहून घ्या. ठरावात तीन वाक्यं पुरतात. पंचाचा लाल झेंडा दिसला की गाडा सुटणार नाही. बाद केलेली जोडी त्या दिवशी पुन्हा जुंपली जाणार नाही. पंचाच्या निर्णयावर कमिटीतला कोणीही माईकवरून बोलणार नाही. तिसरं वाक्य किरकोळ वाटेल, पण व्यवस्था मोडते ती तिथंच. पंच जोडी बाद करतो, मालक निवेदकाकडे जातो, निवेदक माईकवर ‘मालकाचा आग्रह आहे, एक संधी देऊया’ म्हणतो, पब्लिक शिट्ट्या मारतं आणि पंचाला माघार घ्यावी लागते. निवेदकाला हा ठराव आदल्या दिवशी दाखवून त्याची सही घ्या. पंचांचं मानधनही आदल्या दिवशीच द्या, म्हणजे निकालानंतर कोणी त्यावरून दबाव आणू शकत नाही.

सुटण्याची पद्धत उलटी करा. नेहमी गाडा सुटतो आणि काही वावगं दिसलं तर आरडाओरडा होतो. त्याऐवजी पंचाने पांढरा झेंडा दाखवल्याशिवाय गाडा सुटूच नये. थांबवायला धैर्य लागतं. परवानगी न देणं त्या मानाने सोपं जातं.

मैदान

धावपट्टी चालत तपासा, मोटारसायकलवरून नाही. वरचा दगड वेचून होतो, पण अर्धा उघडा पडलेला पक्का दगड राहून जातो आणि त्याच्यावरच खूर चिरतो. पट्टीवर आदल्या संध्याकाळी हलकं पाणी मारा, म्हणजे धूळ बसते. सकाळी मारलं तर निसरडं होतं आणि बैल मागच्या पायांवर घसरतो.

निशाणाच्या पुढची जागा सगळ्यात महत्त्वाची. बैल निशाण ओळखत नाही, तो पळतच राहतो. पुढे १५० ते २०० मीटर मोकळी, भुसभुशीत जमीन हवी, तिथं माणसं, गाड्या, विहीर, तारेचं कुंपण काही नको. जागा कमी असेल तर धाव कमी करा, थांबण्याची जागा कमी करू नका. बहुतेक वाईट अपघात इथंच होतात, कारण निकाल बघायला लोक नेमके इथं दाटी करतात.

बैल तपासताना

बैल टेम्पोतून उतरताना बघा. चार पायांवर सारखा भार पडतो का, हे तेव्हाच कळतं. वाहनात एका बैलामागे दोन चौरस मीटर जागा, बैलाचं तोंड इंजिनकडे आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत, हे वाहतुकीचे नियम आहेत. ते मोडून आलेला बैल पळण्याआधीच थकलेला असतो. उतरल्यावर त्याला सावलीत उभा करा, पाणी दाखवा. चारा धावण्याच्या तीन-चार तास आधी बंद.

मग शेपटीवर मुळापासून गोंड्यापर्यंत बोटं फिरवा. मणका निखळलेला, गाठ आलेली किंवा दातांचे व्रण असतील तर त्या जोडीला शेपटी पिरगाळून, चावून पळवलं जातं. पुठ्ठ्यावर (शेपटीच्या वरच्या मांसल भागावर) आणि पाठीच्या कण्याजवळ केस उलटे करून बघा. ठिपक्यांसारख्या खपल्या म्हणजे खिळा लावलेली पराणी. लांबून काही दिसत नाही, हात फिरवल्यावर कळतं. नाकात वेसणीच्या जागी ओलं रक्त, खांद्यावर जुवाखाली सूज किंवा सोललेली कातडी, डोळ्यांतून पाणी आणि लाली यांपैकी एक जरी दिसलं तरी जोडी बाद. तोंडाला दारूचा वास येत असेल तर पशुवैद्यकाला बोलवा आणि नोंद करा. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. दोन सेकंदांत सपाट झाली नाही तर बैलाच्या अंगात पाणी कमी आहे.

तपासणीला एका जोडीमागे दहा मिनिटं लागतात. शंभर जोड्या आणि एक पशुवैद्यक असेल, तर एका दिवसात ही तपासणी होतच नाही. नुसत्या सह्या होतात. दोन पशुवैद्यक आणि आठ तास असतील तर ९६ जोड्यांचा हिशोब बसतो, तोही कोणी जेवायला न उठता. नोंदणी या हिशोबाने बंद करा, प्रवेश फीच्या हिशोबाने नको.

धाव आणि विसावा

एका जोडीला दिवसात तीनपेक्षा जास्त धावा नकोत, आणि नियमांत विसाव्यासाठी २० मिनिटं आहेत. घड्याळावर मात्र विसंबू नका, श्वास मोजा. बैलाच्या कुशीकडे बघत १५ सेकंद मोजा आणि चाराने गुणा. निवांत बैलाचा श्वास मिनिटाला साधारण ३० च्या आत असतो. विसाव्यानंतरही तो ६० च्या वर असेल, तोंड उघडं असेल, जीभ बाहेर किंवा लाळेच्या तारा असतील तर त्या दिवसाची धाव संपली. त्याच्या मानेवर, पायांवर साधं पाणी ओता, वारा लागू द्या, थोडं थोडं पाणी पाजा. चैत्र-वैशाखाच्या यात्रांत सकाळी ११ ते दुपारी ४ शर्यत बंद ठेवा. ‘वेळ कमी पडतो’ ही तक्रार येईलच. तिचा उपाय जोड्या कमी करणं हा आहे.

काठी काढून घेतली की लोक पर्याय शोधतात. अंगठीत टोकदार तार, मनगटाला बांधलेली बॅटरी, कासऱ्याच्या गाठीत खिळा. म्हणून हाकणाऱ्याची झडती सुटण्याच्या जागी घ्या, मांडवात नाही. गाड्यासोबत कडेने धावणाऱ्या पोरांना पट्टीवर येऊच देऊ नका, शेपटी ओढण्याचं काम बहुधा तीच करतात. गुलाल-भंडारा बैलाच्या डोळ्यांत जातो, तेव्हा विजयाची उधळण माणसांवर करा. डीजे सुटण्याच्या जागेपासून लांब ठेवा.

क्रूरता कमी करायची असेल तर इनामाची रचना बदलण्याइतका परिणाम दुसऱ्या कशाचा होत नाही. सगळी रक्कम पहिल्या नंबरावर ठेवली की शेवटच्या धावेत मालक काहीही करायला तयार होतो, कारण दुसऱ्या नंबराला हाती काहीच लागत नाही. समजा १ लाख रुपये आहेत, तर पहिल्याला २० हजार ठेवा, बाकीचे आठ-दहा जोड्यांत वाटा आणि एक चांगलं इनाम तपासणीत सगळ्यात निरोगी ठरलेल्या जोडीला द्या. पैजा लावणाऱ्यांना मैदानातून बाहेर काढा. बैल पैज घेणाऱ्याचा नसतो आणि त्याच्या दुखापतीचा खर्चही त्याला येत नाही, म्हणून तोच जास्त मारायला लावतो.

माणसांसाठी

पट्टीच्या दोन्ही बाजूंना दुहेरी बॅरिकेड, मधे तीन मीटर रिकामी जागा. एकेरी बांबू गाडा अडवत नाहीत, मोडून लोकांच्या अंगात घुसतात. झाडं, टेम्पोचे टप, पाण्याच्या टाक्या यांवर कोणाला चढू देऊ नका. हाकणारा १८ वर्षांवरचा आणि शुद्धीत असावा. लहान मुलाला छकड्यावर बसवून व्हिडिओ काढण्याची हौस वाढली आहे, त्यावर पहिल्याच गाड्यापासून बंदी घाला. रुग्णवाहिकेचा रस्ता गर्दीतून जाणारा नको आणि जखमी बैलासाठी वेगळं वाहन, फळ्या आणि दोर तयार ठेवा. पाय मोडलेला बैल मैदानात पडून आहे आणि शेजारून पुढचा गाडा सुटतोय, असं होऊ नये. बैल हलवून पशुवैद्यकाने पाहेपर्यंत शर्यत बंद.

शर्यतीनंतर

मुका मार आणि लचक दुसऱ्या दिवशी उठते. सकाळी प्रत्येक गाडामालकाला फोन करा, बैल उठला का, चारा खाल्ला का, पाय टाकतो का, विचारा. लंगडणाऱ्या बैलाचा उपचार कमिटीच्या पैशातून करा. पळणं संपलेल्या बैलांचंही बोलून ठेवा. २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदी आहे, त्यामुळे हरलेला किंवा म्हातारा बैल कुठे जातो हा प्रश्न मालकाने आधी सोडवलेला असावा. नोंदणीच्या अर्जात एक रकाना ठेवा: गेल्या वर्षी पळालेली जोडी आज कुठे आहे. उत्तर देता आलं नाही तर नवी जोडी नोंदवून घेऊ नका.

चित्रीकरणाची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना जाते, दुसरी कमिटीकडे ठेवा आणि पंचांसोबत बसून पूर्ण बघा. कुठे हात शेपटीकडे गेला, कुठे लाल झेंडा दाखवूनही गाडा सुटला, ते गाडा क्रमांकासह वहीत उतरवा. नियम मोडलेला दिसला तर ती चित्रफीत घेऊन पोलीस ठाण्यात तक्रार द्या, मालक गावातलाच असला तरी. बाद झालेल्या जोड्यांची यादी शेजारच्या गावांच्या कमिट्यांना पाठवा, कारण तीच जोडी पुढच्या आठवड्यात त्यांच्या मैदानात उतरते.