अल्झायमर आणि मेंदूतले धातू : या संशोधनात नव्याने येणाऱ्यांसाठी

पीएचडीला हा विषय घेतलेल्या मुलामुलींच्या डोक्यात बहुधा एक सोपं समीकरण असतं: मेंदूत लोह, तांबं, जस्त वाढतं, ते चिलेटरने (धातूला पकडून शरीराबाहेर काढणाऱ्या औषधाने) काढलं की रोग आवरेल. ते पहिल्याच महिन्यात तपासून घ्या.

अमायलॉइड प्लेकमध्ये, म्हणजे या रोगात मेंदूत जमणाऱ्या प्रथिनांच्या गाठोळ्यांत, हे तिन्ही धातू साचतात, हे १९९८ साली लव्हेल यांच्या गटाने मोजून दाखवलं. पण ऊतीचा अख्खा तुकडा आम्लात विरघळवून मोजला, तर तांबं निरोगी मेंदूपेक्षा कमी भरतं. एका जागी साठा, दुसरीकडे टंचाई! आणि पेशीला ऊर्जा मिळवून देणारी सायटोक्रोम सी ऑक्सिडेजसारखी एन्झाइम्स तर तांब्यावरच चालतात. त्यामुळे ‘किती’ इतकंच ‘कुठे’ हेही विचारावं लागतं.

२०२४ साली प्रसिद्ध झालेली ऑस्ट्रेलियातली डेफेरिप्रोन या लोह काढणाऱ्या चिलेटरची चाचणी म्हणूनच आधी वाचा. ८१ रुग्ण, वर्षभर औषध. एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पसमधलं (स्मृतीशी निगडित भागातलं) लोह खरोखर घटलेलं दिसलं, आणि तरीही औषध घेणाऱ्यांची बौद्धिक क्षमता प्लासिबो (औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी) घेणाऱ्या गटापेक्षा वेगाने घसरली. (हेच औषध थॅलेसेमियाच्या रुग्णांना आधार देतं.) माझ्या मते या क्षेत्राला इतकं खडबडून जागं करणारा दुसरा पेपर नाही. रुग्णांनी आपलं वर्ष देऊन मिळवलेलं हे उत्तर आहे, ते नुसतं ‘निगेटिव्ह रिझल्ट’ म्हणून बाजूला टाकू नये.

आता प्रयोगशाळेतलं. बफर (द्रावणाची आम्लता स्थिर ठेवणारं मिश्रण) विचारपूर्वक निवडा. फॉस्फेटमध्ये जस्त-तांब्याचा साका बसतो, ट्रिस बफर तांब्याला धरून ठेवतं; मी हेपेस बफर वापरते. अमायलॉइडचे तंतू किती बनले हे चमकून दाखवणाऱ्या थायोफ्लेविन-टी या रंगद्रव्याची चमक तांब्यामुळे मंदावते. म्हणून आकडा खाली आला की ‘तांब्याने तंतू बनणं रोखलं’ असं लिहायची घाई नको. नमुना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघा. भांडी विरल नायट्रिक आम्लात भिजवून मिलीक्यू (अतिशुद्ध) पाण्याने धुवा, आणि आयसीपी-एमएसच्या (अत्यल्प धातू मोजणाऱ्या यंत्राच्या) प्रत्येक फेरीत ब्लँक, म्हणजे ऊतीविना नमुना, लावा. रबरी बुचातूनही जस्त उतरतं.

मानवी ऊती हव्या असतील तर बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू व मानसिक आरोग्य संस्थेत मेंदूपेढी (दान केलेल्या मेंदूंचा साठा) आहे. एथिक्स कमिटीच्या मंजुरीला वेळ लागतो, अर्ज लवकर करा. आणि धातू मोजायचे असतील तर गोठवलेले नमुनेच मागा. फॉर्मलिनमध्ये राहिलेल्या ऊतीतले धातू त्या द्रवात झिरपून जातात.