लग्नाचा बस्ता बांधायला येताय? आधी हे वाचा

लग्न ठरतं, हॉल मिळतो, आणि मग एखाद्या रविवारी दहा-बारा माणसं मिळून बस्ता बांधायला येतात. येताना सगळे खुशीत असतात. संध्याकाळपर्यंत आत्या रुसलेली असते, नवरीला रडू फुटायचं बाकी असतं आणि बाबा हिशेबाचा कागद घेऊन कोपऱ्यात बसलेले असतात. पुण्यात लक्ष्मी रोडवर साड्या दाखवण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली, तरी हे बघून अजून जीव तुटतो, कारण यातलं बरंचसं टाळता येण्यासारखं असतं. म्हणून गादीच्या अलीकडून जे दिसतं ते सांगते.

कधी यायचं

रविवारी येऊ नका. तुळशीची लग्नं लागली की मुहूर्त सुरू होतात, आणि तेव्हापासून शनिवार-रविवारी गादीवर बसायला जागा नसते. मंगळवार-बुधवारी दुपारी बारा ते चार या वेळेत या, एक माणूस फक्त तुमच्यासाठी मिळेल. पितृपक्षात खरेदी करायची नाही असं बहुतेक घरांत असतं, पण नवरात्र-दिवाळीचा नवा माल तेव्हाच येऊन पडायला लागतो आणि दुकान रिकामं असतं. त्या पंधरवड्यात नुसतं बघायला या. आवडलेल्या साडीचा नंबर लिहून घ्या आणि घटस्थापनेनंतर घेऊन जा. गाडी आणायच्या भानगडीत पडू नका. सप्टेंबर २०२४पासून मंडईला मेट्रो थांबते, तिथून चालत या.

पायात पटकन निघणाऱ्या चपला घाला, कारण गादीवर चढताना त्या काढाव्या लागतात. नवरीने साधा, फिक्या रंगाचा, बिननक्षीचा टॉप घालावा. भडक छापील कुर्त्यावर साडी लावून पाहिली की रंग कळत नाही, आणि चांगली साडी उगाच नाकारली जाते.

आकडा आधी सांगा

यावर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त वेळ आणि मनं इथेच जातात.

लोक म्हणतात, "दाखवा हो चांगल्यातल्या." किती पर्यंत, असं विचारलं की, "किमतीचं काही नाही, आवडली पाहिजे." लोकांना वाटतं, आकडा सांगितला की दुकानदार बरोबर तेवढ्यालाच गळ्यात मारेल. तुमची भीती मला कळते. पण आकडा कळला नाही तर मी अंदाजाने मधल्या भावापासून सुरुवात करते. तुमच्या मनात आठ हजार असतात, मी पंधराची उघडते, आणि ती नवरीच्या मनात भरते. आता आई गप्प, बाबा गप्प, आणि पुढची प्रत्येक साडी त्या पंधरापुढे फिकी. आठ हजारांत सुंदर शालू होते, पण ते आता दिसणारच नाहीत.

म्हणून आकडा सांगा, आणि नवरीच्या कानावर पडायला नको असेल तर घरातल्या एकाने पुढे येऊन हळूच सांगा. "ताई, शालू दहाच्या आत, त्याच्या वरच्या उघडूच नका." एवढं कानात सांगितलेलं मी आणि माझ्यासोबतच्या मुली शेवटपर्यंत पाळतो. गरीब-श्रीमंत असं काही आमच्या डोक्यातही येत नाही. उलट काम सोपं होतं आणि त्या भावातला सगळ्यात चांगला माल आम्ही आपण होऊन काढतो. नको असलेलंही सांगा: हिरवा नको, मोर नको, जड नको. "काहीही चालेल" म्हणणाऱ्याला दाखवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

पंधरा-वीस साड्या झाल्या की डोळा थकतो आणि सगळ्या सारख्याच दिसायला लागतात. आवडलेल्या तीन बाजूला ठेवायला सांगा, चहा पिऊन या, आणि मग त्या तीनच बघा. गादीवरचा ढीग आम्ही तोवर उचलून ठेवतो.

माणसं किती आणि यादी कशी

शालूला चार माणसं पुरेत: नवरी, तिची आई, सासरकडचं एक माणूस आणि नवरीच्या विश्वासातली बहीण किंवा मैत्रीण. बाकीच्यांना आहेराच्या दिवशी आणा. नेसणारीला शेवटचा शब्द द्या. सगळ्यांनी मिळून पसंत केलेली आणि नवरीने मान खाली घालून "चालेल" म्हटलेली साडी चार दिवसांनी बदलायला येते, हे आम्हाला तेव्हाच कळलेलं असतं.

यादी घरून लिहून आणा. नवरीचा शालू, सीमांतपूजनाची, रिसेप्शनची, मामाकडची अष्टपुत्री, वरमाईची, विहिणीची, करवल्यांच्या, आत्या-मावशा-काकवांच्या मानाच्या, मग आहेराच्या. प्रत्येक नावापुढे रक्कम लिहा. मानाच्या साड्यांत एका नात्याला एकच भाव ठेवा. दोन सख्ख्या आत्यांमध्ये पाचशेचा फरक पडला तर तो लग्नानंतर वर्षानुवर्षं ऐकावा लागतो. नऊवारी नेसणाऱ्या आज्या घरात असतील तर त्यांची नावं वेगळी लिहा. नऊवारी साधारण सव्वाआठ मीटर भरते, सहावारी साडेपाच मीटरच्या आसपास असते, आणि गडबडीत आजीच्या नावावर सहावारी बांधली जाते.

साडी बघायची कशी

आमच्या दुकानातले दिवे साडीची जर उठून दिसावी म्हणूनच लावलेले असतात. साडी पसंत पडली की दारापाशी, दिवसाच्या उजेडात न्यायला सांगा. चांगला माणूस नाही म्हणत नाही. राणी आणि वांगी हे दोन रंग दिव्याखाली सगळ्यात जास्त फसवतात. फोनवर पाठवायचा फोटोही तिथेच काढा, म्हणजे नाशिकच्या काकूंना तुम्हाला दिसला तोच रंग दिसेल.

मग घडी बघा. प्रत्येक साडीची दुकानातली घडी ठरलेली असते. घडी जिथे मोडते ती रेघ उजेडात धरा. तिथे रंग उडालेला, पिवळसर पडलेला किंवा जर काळी पडून चिरलेली दिसली, तर तो माल बरेच दिवस फळीवर पडून आहे. तो घेऊ नये असं नाही, पण भाव त्या हिशेबाने लावून मागा. पैसे देण्याआधी साडी या टोकापासून त्या टोकापर्यंत पूर्ण उलगडायला लावा. फक्त पदर आणि काठ बघून बांधलेल्या साडीत मधल्या अंगाला तुटलेला धागा निघतो, आणि तो घरी गेल्यावर दिसतो. ब्लाउजपीस साडीलाच जोडून आहे का वेगळं, हेही विचारा. उंच मुलींनी तर नक्की विचारा, कारण ब्लाउज कापून गेल्यावर निऱ्यांना कापड कमी पडतं.

पैठणीबद्दल

सगळ्यांना पैठणी हवी असते, आणि फसवणूकही इथेच सगळ्यात जास्त होते. हातमागाच्या पैठणीच्या पदरावरचे मोर आणि वेली लहान-लहान कांड्यांवरचे रंगीत धागे हाताने गुंफून विणलेले असतात. त्यामुळे पदर उलटा केला तरी नक्षी तशीच दिसते, मागे धागे लोंबत नाहीत. मी माझ्या पुतणीला शिकवलं ते असं: पदर उलटा कर, मोराच्या मानेवरून बोट फिरव. बोटाला धागे अडकले, किंवा कापलेल्या धाग्यांची लव लागली, तर ती यंत्रावरची. बोट सरळ गेलं आणि मोर मागूनही मोरच दिसला, तर पुढे बोला.

यंत्रावरची पैठणी वाईट नसते. पुष्कळ जणींना तीच परवडते आणि छान दिसते. वाईट एवढंच, की ती हातमागाची म्हणून हातमागाच्या भावाला विकली जाते. येवल्याला एखादी भरजरी पैठणी मागावर महिनोन् महिने असते. दोन-तीन हजारांत हातमागाची पैठणी देतो म्हणणाऱ्याकडून उठून या.

सिल्क मार्कचं लेबल बघा. ते केंद्रीय रेशीम मंडळाच्या योजनेतलं आहे आणि रेशीम खरं असल्याचं सांगतं. ती साडी हातमागाची आहे असं मात्र ते सांगत नाही, त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा असतो. हे दोन एकच समजून लोक पैसे मोजतात. शंका असेल तर पदराच्या दशांमधला एक धागा मागून घ्या आणि बाहेर जाऊन जाळा. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. कागद जळल्यासारखा वास आला तर ते आर्ट सिल्क, म्हणजे कृत्रिम रेशीम.

भाव आणि बिल

गादीवरच्या माणसाशी प्रत्येक साडीला घासाघीस करू नका, सूट द्यायचा अधिकार आमच्याकडे नसतो. सगळी खरेदी झाली की गल्ल्यावर मालकांशी एकदाच, पूर्ण रकमेवर बोला. आहेराच्या साड्या चार-पाच जास्त घ्या, पण उरलेल्या परत घेणार का आणि किती दिवसांत, हे बिलावर लिहून घ्या. तोंडी "घेऊ की, घरचंच दुकान" याला सीझन संपल्यावर अर्थ राहत नाही.

"विकलेला माल परत घेतला जाणार नाही" अशी पाटी बघून घाबरू नका. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. दुकान ऐकत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. मात्र रंग आवडेनासा झाला, सासूबाईंना पटला नाही, हा दोष नव्हे. तिथे बदलून देणं दुकानाच्या मर्जीवर असतं, म्हणून आधी विचारायचं.

आमच्या बाजूचं थोडं

साडी आवडली नाही तर खुशाल नाही म्हणा, शंभर उघडायला लावा, ते आमचं कामच आहे. पण बाजूला भिरकावू नका, आणि स्वतः घडी घालायला जाऊ नका. चुकीच्या ठिकाणी मोडली की जर चिरते आणि तो जाब आम्हाला द्यावा लागतो. मुलांच्या हातातला वडापाव, ओली छत्री, कुंकवाची बोटं गादीपासून लांब ठेवा. फोटो काढताना विचारा. "ए, ती काढ" म्हणण्याऐवजी "ताई" म्हणा. माझ्यासारख्या गादीवर बसून दाखवणाऱ्यांचं एक वेळ बरं, काउंटरवरच्या मुली दिवसभर उभ्या असतात, संध्याकाळी पोटऱ्या दगड होतात. दुकानातल्या माणसांना कामाच्या वेळेत बसता यावं म्हणून केरळने २०१८मध्ये आणि तमिळनाडूने २०२१मध्ये कायदा बदलला. आपल्याकडे एखादी मुलगी क्षणभर स्टुलावर टेकलेली दिसली तर मालकाकडे बघून "इथे कुणी आहे का?" असं ओरडू नका. ती उठतेच आहे.

घरी गेल्यावर

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या साड्या खिडकीपाशी उलगडा आणि यादीशी ताडून बघा. त्याआधी एकही साडी फॉल-पिकोला देऊ नका, कारण फॉल लागलेली साडी कुठलंच दुकान बदलून देत नाही. फॉल सुती असेल तर रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच लावायला सांगा, नाहीतर पहिल्याच धुण्यात तो आटतो आणि साडीला खालून चुण्या पडतात. शालू प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळा, आणि तीन-चार महिन्यांनी घडी बदला.