मॅस्टोडॉनवर बिऱ्हाड मांडण्याआधी

मॅस्टोडॉन म्हणजे ट्विटरसारखंच, पण एका कंपनीचं नाही: वेगवेगळ्या लोकांनी चालवलेले, एकमेकांशी जोडलेले कितीतरी सर्व्हर, त्यातल्या एकावर आपलं खातं उघडायचं. मागच्या वेळी मी सर्व्हर नावावर भाळून निवडला. छोटं, गमतीदार नाव, हँडलच्या, म्हणजे खात्याच्या पत्त्याच्या, शेपटीला शोभेल असं. दोन वर्षं मजेत गेली आणि एका सोमवारी पान उघडेना. चालवणारा गडी एकटा, कंटाळला, बंद करून मोकळा झाला. चारेकशे फॉलोअर गेले ते गेलेच.

तेव्हा पहिलं काम: सर्व्हरचं 'अबाउट' पान उघडा आणि बंद करायची वेळ आली तर किती आधी सांगणार, ते शोधा. मॅस्टोडॉनचा 'सर्व्हर कव्हेनंट' नावाचा करारनामा आहे. रोजचा बॅकअप, अडीनडीला सर्व्हरमध्ये शिरू शकेल असा आणखी एक तरी माणूस, आणि बंद करण्याआधी किमान 3 महिने सूचना, असं त्यात कबूल करावं लागतं. जॉइनमॅस्टोडॉन या मॅस्टोडॉनच्याच संकेतस्थळावरच्या यादीत हे मान्य करणारेच सर्व्हर असतात. यादीबाहेरचा आवडला तर चालवणाऱ्याला सरळ विचारा. लाजू नका, मी लाजलो होतो.

एवढा आग्रह का, तर खातं हलवायची किल्ली जुन्या सर्व्हरकडे असते. नव्या खात्यात जुन्याचा पत्ता जोडायचा, मग जुन्या खात्यात जाऊन 'हलवा' म्हणायचं. तिथून फॉलोअरांच्या सर्व्हरना निरोप जातो आणि ते आपोआप नव्या पत्त्याला जोडले जातात. जुना सर्व्हरच मेला असेल तर निरोप धाडणार कोण? नंतर डोकं आपटून उपयोग नाही. म्हणून पुन्हा सांगतो, सूचना किती दिवसांची ते आधी बघा.

पासवर्ड, टू-फॅक्टर वगैरे तुम्हाला कळतं.

नियम वाचा, खास करून कोणत्या सर्व्हरशी संबंध तोडलेत ती यादी, जाहीर केली असेल तर. तुमची मित्रमंडळी तोडलेल्या सर्व्हरवर असली तर त्यांचं काही दिसणार नाही, आणि दोष तुम्ही ॲपला द्याल. उलट कुणालाच न अडवणारा सर्व्हर असेल तर दुसरे त्यालाच अडवतात, म्हणजे तुम्हीही त्यात भरडले जाता.

डोमेनची, म्हणजे सर्व्हरच्या वेबपत्त्याची, शेपटी बघा. गंमत म्हणून दुसऱ्या देशाची शेपटी घेणाऱ्यांची हौस महागात पडते. क्वीअर.एएफ या सर्व्हरच्या डोमेनची 'एएफ' ही शेपटी अफगाणिस्तानची होती. 2024च्या फेब्रुवारीत तालिबानच्या मंत्रालयानं ते डोमेन काढून घेतलं. मशीन धडधाकट, पत्ता गायब.

खर्च कोण उचलतं? देणग्यांचा हिशेब मांडलेला असला तर बरं. 2022च्या नोव्हेंबरात ट्विटरवरून लोंढा आला तेव्हा कितीतरी छोटे सर्व्हर धापा टाकत होते. म्हणजे मोठाच घ्या असं नाही. मोठ्यावर लोकल टाइमलाइन, म्हणजे त्याच सर्व्हरवरच्या सगळ्यांच्या पोस्टा, म्हणजे दादर स्टेशन, छोट्यावर चार ओळखीचे चेहरे. मला छोटा आवडतो, अजूनही. फक्त तो एकट्याच्या जिवावर चालणारा नसावा.

खाजगी मेसेज खरे खाजगी नाहीत, सर्व्हर चालवणाऱ्याला ठरवलं तर वाचता येतात. ओटीपी, पत्ता, भांडणं तिथे नकोत.

खातं उघडल्यावर पोस्टची भाषा मराठी लावा, नाहीतर तुमचं लिखाण इंग्रजी म्हणून नोंदलं जाऊ शकतं. तुम्ही फॉलो केलेल्यांची, ब्लॉकची, बुकमार्कची यादी सीएसव्हीमध्ये, म्हणजे तक्त्याच्या साध्या फाइलमध्ये, महिन्यातून एकदा उतरवा, ती नव्या घरी चढवता येते. पोस्टांचं संग्रहण मिळतं, 7 दिवसांतून एकदा, पण जुन्या पोस्टा नव्या खात्यात जात नाहीत. फॉलोअर सीएसव्हीनं परत येत नाहीत. खातं एकदा हलवल्यावर पुन्हा हलवायला 30 दिवस थांबावं लागतं. फोटो, बायो, बाकी तुमचं तुम्ही.

आणि ते सूचनेचं पाहिलंत? नाही ना. जा, आधी ते पान उघडा.